देशांतर्गत विमानाचे चेक-इन: तिकिटावर ठळकपणे न छापलेल्या वेळांचे परीक्षण

देशांतर्गत विमानाच्या तिकिटावर ठळक अक्षरांत एकच वेळ छापलेली असते, ती म्हणजे विमान सुटण्याची. घरातून निघताना प्रवाशाला जी वेळ खऱ्या अर्थाने माहीत असायला हवी, ती मात्र त्याच तिकिटाच्या तळाशी, बारीक टाइपातल्या अटींच्या गर्दीत, ‘सुटण्याच्या ६० मिनिटे आधी’ अशा शब्दांत सापडते. पुणे, मुंबई, नागपूर, गोवा, दिल्ली आणि बंगळूरू या विमानतळांवरून माझे कामानिमित्त बऱ्यापैकी नियमित येणे-जाणे असते, आणि काउंटर बंद झाल्यावर पोहोचलेले प्रवासी मला जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसले आहेत. म्हणून हे परीक्षण विमानातल्या आसनांचे किंवा खाण्यापिण्याचे नाही. चेक-इन ही जी सेवा आपण तिकिटाच्या पैशांतच विकत घेतो, तिच्या वेळमर्यादा काय आहेत, त्या रास्त आहेत का आणि कंपन्या त्या प्रवाशापर्यंत नीट पोहोचवतात का, एवढाच त्याचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो: मर्यादा रास्त आहेत, त्या कडकपणे पाळल्या जाणेही योग्य आहे, परंतु त्या सांगण्याच्या कामात आपल्या विमान कंपन्या कमी पडतात, आणि त्याची किंमत मुख्यतः वर्षा-दोन वर्षांतून एखादा विमानप्रवास करणारा माणूस मोजतो.

इंडिगो, एअर इंडिया, अकासा एअर आणि स्पाइसजेट या कंपन्यांचे देशांतर्गत उड्डाणांसाठीचे चेक-इन आणि सामान घेण्याचे काउंटर सध्या विमान सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतात. पूर्वी ही मर्यादा सर्रास ४५ मिनिटांची होती आणि त्या काळात प्रवास केलेल्या अनेकांच्या डोक्यात आजही तोच आकडा घट्ट बसलेला आहे; ‘पाऊण तास आधी पोहोचलो तरी चालते’ हे वाक्य मी अजूनही जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकतो. दुसरी मर्यादा बोर्डिंग गेटची आहे आणि ती इंडिगोसह बहुतेक कंपन्यांत सुटण्याच्या २५ मिनिटे आधीची आहे. म्हणजे सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या विमानासाठी सामान ६ वाजून १० मिनिटांच्या आत काउंटरवर द्यावे लागते आणि स्वतः प्रवाशाला ६ वाजून ४५ मिनिटांच्या आत गेटवर हजर व्हावे लागते. हे दोन्ही आकडे तिकीट काढतानाच कंपनीच्या संगणकाला ठाऊक असतात. तरीही ते घड्याळाच्या वेळेत छापण्याऐवजी वजाबाकीचे काम प्रवाशावर सोपवले जाते, हा या संपूर्ण सेवेतला माझ्या दृष्टीने सर्वात मोठा आणि सर्वात सहज दूर होण्याजोगा दोष आहे.

तिकिटावरच्या त्या एकमेव ठळक वेळेचा अर्थही बहुतेकांना पुरता ठाऊक नसतो. विमान सुटण्याची वेळ म्हणजे ते धावपट्टीवरून आकाशात झेपावण्याची वेळ नव्हे, तर ते आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलण्याची वेळ असते. त्या क्षणापूर्वी दरवाजे बंद झालेले असतात, सामानाचा कप्पा बंद झालेला असतो आणि सगळे प्रवासी पट्टे बांधून बसलेले असतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला कंपन्यांच्या वक्तशीरपणाचे आकडे प्रसिद्ध करते आणि त्यात वेळापत्रकापासून १५ मिनिटांच्या आत सुटलेले विमान वेळेवर सुटले असे मानले जाते. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एसटी आणि रेल्वेची आहे. तिथे गाडी हलेपर्यंत डब्यात चढता येते आणि धावत येऊन पायरी पकडलेल्या माणसाचे लोक कौतुकही करतात. तीच सवय नकळत विमानतळावर येते आणि ‘अजून तासभर आहे, विमान तर समोर उभे दिसते आहे’ असा युक्तिवाद काउंटरवर ऐकू येतो.

विमान समोर उभे असले तरी त्या तासाभरात काय चालते, हे कंपन्यांनी दोन ओळींत सांगितले तर निम्मे वाद होणार नाहीत, असे मला वाटते. काउंटर बंद झाल्यावर त्या विमानाची प्रवासी यादी आणि सामानाची संख्या निश्चित होते. त्या आकड्यांवरून विमानाचे एकूण वजन आणि ते वजन पुढे-मागे कसे विभागले आहे याचा तक्ता तयार होतो आणि उड्डाणाआधी तो वैमानिकाच्या हाती जावा लागतो. पट्ट्यावर टाकलेली प्रत्येक बॅग क्ष-किरण तपासणीतून जाते, त्या-त्या उड्डाणानुसार वेगळी होते, ट्रॉलीवर चढते आणि विमानाच्या पोटात रचली जाते. याखेरीज सुरक्षेचा एक नियम असा आहे की चेक-इन करून सामान दिलेला प्रवासी जर विमानात चढलाच नाही, तर त्याची बॅग शोधून विमानातून उतरवावी लागते. मालकाविना बॅग घेऊन विमान निघत नाही. एक माणूस उशिरा आल्याने बाकीच्या शे-दीडशे लोकांचा खोळंबा होऊ नये, यासाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उड्डाणाची ठरलेली पाळी हुकली, तर पुढच्या पाळीसाठी विमानाला ताटकळावे लागते आणि तो उशीर दिवसभर त्याच विमानाच्या पुढच्या फेऱ्यांना चिकटतो. त्यामुळे मर्यादा ६० मिनिटांची असण्याबद्दल माझी तक्रार नाही.

वेब चेक-इनबद्दल मात्र बरेच लिहिण्यासारखे आहे, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. २५ मे २०२० रोजी टाळेबंदीनंतर देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली तेव्हा वेब चेक-इन सक्तीचे करण्यात आले होते आणि तेव्हापासून ते लोकांच्या अंगवळणी पडले. प्रमुख कंपन्यांचे वेब चेक-इन सुटण्याच्या ४८ तास आधी सुरू होते. इंडिगोमध्ये देशांतर्गत उड्डाणासाठी ते ६० मिनिटे आधीपर्यंत करता येते. ही सोय खरोखर चांगली आहे. फक्त हातातली बॅग घेऊन जाणाऱ्या प्रवाशाला काउंटरकडे फिरकावेच लागत नाही. त्याने थेट सुरक्षा तपासणीकडे जायचे आणि त्याच्यासाठी खरी मर्यादा गेट बंद होण्याची, म्हणजे २५ मिनिटांची राहते. परंतु ज्याच्याकडे विमानाच्या पोटात टाकायचे सामान आहे, त्याला वेब चेक-इनमुळे वेळेची एका मिनिटाचीही सूट मिळत नाही. बोर्डिंग पास मोबाइलवर आला म्हणजे चेक-इन झाले आणि आता सामान कधीही दिले तरी चालेल, अशी समजूत मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती करून घेण्यात प्रवाशाचा फारसा दोष नाही. ‘तुमचे चेक-इन पूर्ण झाले आहे’ असा संदेश येतो, त्यात सामानाचे उरलेले काम कधीपर्यंत संपवायचे हे त्याच ठळकपणे सांगितलेले नसते. एकाच विमानातल्या दोन प्रवाशांना सामानामुळे दोन वेगळ्या मर्यादा लागू होतात, ही गोष्ट नवख्या माणसाने स्वतःहून ओळखावी ही अपेक्षा रास्त नाही.

वेब चेक-इन करताना आसन निवडण्याचा जो टप्पा येतो, तिथे अनेक जण अडतात आणि काही जण तिथूनच परत फिरतात. पडद्यावर जवळजवळ प्रत्येक आसनापुढे किंमत लिहिलेली असते आणि पैसे न देता पुढे जाण्याचे बटण शोधावे लागते. आसन विकत घेतल्याशिवाय चेक-इन होणारच नाही, अशी वयस्कर प्रवाशांची समजूत होते आणि ते ‘विमानतळावरच बघू’ असे म्हणून ते काम सोडून देतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेब चेक-इनच्या वेळी सर्वच आसनांना शुल्क लावण्यावरून मोठी ओरड झाली होती आणि मंत्रालयाला त्यात लक्ष घालावे लागले होते. पुढे काही कंपन्या काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे २०० रुपये घेत होत्या; जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने असे शुल्क घेता येणार नाही असे स्पष्ट केले. म्हणजे आज प्रवासी वेब चेक-इन न करता काउंटरवर गेला तरी केवळ बोर्डिंग पाससाठी त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. हा निर्णय प्रवाशांच्या हिताचा आहे आणि तो अधिक लोकांना माहीत असायला हवा. तरीही माझा सल्ला असा की वेब चेक-इन घरूनच करावे. आसनासाठी पैसे द्यायचे नसतील तर देऊ नयेत, कुठलेतरी आसन आपल्याला मिळतेच.

सामान देण्याच्या रांगेबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. मुंबई, दिल्ली आणि बंगळूरूला स्वतःच बॅगेला पट्टी लावून ती यंत्रावर ठेवण्याची सोय आहे आणि ती ज्यांना जमते त्यांचा वेळ वाचतो. शेजारी मदतीला कर्मचारी उभा असेल तर पहिल्यांदा करणाऱ्यालाही अडचण येत नाही. पारंपरिक काउंटरवर मात्र सकाळी पाच ते आठच्या दरम्यान कठीण परिस्थिती असते. एका कंपनीच्या रांगेत मी असे पाहिले आहे की पाठोपाठ सुटणाऱ्या तीन-चार विमानांचे प्रवासी एकत्र उभे आहेत, उघडे काउंटर मोजके आहेत आणि ज्यांची मर्यादा संपत आली आहे ते शेवटी उभे आहेत. अशा वेळी कर्मचारी रांगेतून फिरत ‘नागपूर, नागपूरचे कोणी आहे का?’ असे पुकारतात आणि त्या प्रवाशांना पुढे नेतात. ही पद्धत माणुसकीची आहे आणि ज्या तत्परतेने बहुतेक तरुण कर्मचारी ती पार पाडतात त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक वाटते. परंतु ती पुकाऱ्यावर, म्हणजे नशिबावर, अवलंबून आहे. फोनवर बोलत असलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या प्रवाशाला तो पुकारा ऐकू गेला नाही तर काय? प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक फलक लावून त्यावर कोणत्या उड्डाणाचे काउंटर किती वाजता बंद होणार आहे हे दाखवणे अवघड नाही. तोवर प्रवाशाने करण्यासारखी गोष्ट एकच आहे: मर्यादेला वीस मिनिटे उरली असतील आणि रांग लांब असेल, तर संकोच न करता कर्मचाऱ्याला गाठून आपल्या उड्डाणाचा क्रमांक सांगावा. रांग मोडल्याचा अपराध वाटून गप्प उभे राहणारी माणसेच बहुधा मागे राहतात.

काउंटर वेळेत गाठले म्हणजे विमान मिळालेच, असे समजणे हा दुसरा धोका आहे. सुरक्षा तपासणीला किती वेळ लागेल हे कंपनीच्या हाती नसते. ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची जबाबदारी असते. त्यातून बाहेर पडल्यावर मुंबईच्या टर्मिनल २ सारख्या ठिकाणी गेटपर्यंतची चाल बरीच लांब आहे. शिवाय मुंबईसह अनेक मोठ्या विमानतळांवर आता बोर्डिंगच्या घोषणा ध्वनिक्षेपकावरून होत नाहीत. गेट बदलले तरी ते पडद्यावर किंवा मोबाइलवरच कळते. शांततेसाठी ही व्यवस्था मला आवडते, पण जे घोषणेची वाट पाहत खुर्चीत डुलकी घेतात त्यांना ती आधी कुणीतरी समजावून सांगायला हवी.

गेटच्या मर्यादेबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा निकाल प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोलकात्याहून अगरतळ्याला निघालेल्या एका कुटुंबाकडे बोर्डिंग पास होते, परंतु ते वेळेत गेटवर पोहोचले नाहीत आणि इंडिगोचे विमान त्यांच्याविना गेले. त्रिपुरातल्या ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल प्रवाशांच्या बाजूने लागले. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि सांगितले की बोर्डिंग पास हातात आल्यावर सुरक्षा तपासणी पार करून वेळेत गेटवर पोहोचणे ही प्रवाशाची जबाबदारी आहे, प्रत्येकाला हाताला धरून गेटपर्यंत नेण्याचे बंधन कंपनीवर नाही. हा निकाल कठोर वाटला तरी तर्काला धरून आहे, असे माझे मत आहे. मात्र जबाबदारी कुठे संपते हेही तितकेच स्पष्ट असावे. ९ जानेवारी २०२३ रोजी बंगळूरूहून दिल्लीला जाणारे गो फर्स्टचे विमान ५५ प्रवाशांना मागे ठेवून उडाले. ते प्रवासी गेट पार करून विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये बसले होते. त्या प्रकरणी डीजीसीएने कंपनीला १० लाख रुपयांचा दंड केला. प्रवाशाने आपली वेळ पाळल्यावर पुढचा भार संपूर्णपणे कंपनीचा असतो, हे त्या कारवाईने दाखवून दिले.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रवाशांसाठी वेळेइतकाच महत्त्वाचा झालेला प्रश्न म्हणजे विमानतळ नेमका कोणता. गोव्यात दक्षिणेकडे दाबोळी आणि उत्तरेकडे पेडणे तालुक्यात मोपा असे दोन विमानतळ आहेत. मोपाहून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू आहेत. तिकिटावर दोन्हींसाठी शहर ‘गोवा’ असेच दिसते आणि फरक दाखवणारी जीओआय (दाबोळी) व जीओएक्स (मोपा) ही अक्षरे कुणी निरखून पाहत नाही. चुकीच्या विमानतळावर पोहोचलेला प्रवासी तिथून टॅक्सी करून दुसऱ्या टोकाला काउंटर बंद होण्याआधी पोहोचेल, ही शक्यता फार कमी असते. सावंतवाडी, बांदा या भागातल्या लोकांना मोपा जवळ पडतो, मडगाव-वास्कोच्या लोकांना दाबोळी; त्यामुळे तिकीट काढतानाच हे पाहिले तर प्रवासही सुखाचा होतो. मुंबईत इंडिगोसारख्या एकाच कंपनीची काही देशांतर्गत उड्डाणे टर्मिनल १ वरून आणि काही टर्मिनल २ वरून जातात, आणि या दोहोंमधले अंतर सामान ओढत पायी जाण्यासारखे नाही. भुयारी मेट्रोची दोन्ही टर्मिनलांसाठी वेगवेगळी स्थानके आहेत, तेव्हा कोणत्या स्थानकावर उतरायचे हेही टर्मिनलवरूनच ठरते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळाची भर पडली आहे. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आणि पुण्याकडून येणाऱ्या प्रवाशांना तो सोयीचा आहे, परंतु तिकिटावर ‘मुंबई’ हा शब्द पाहून टॅक्सीवाल्याला पत्ता सांगण्याची सवय आता सोडावी लागेल. कंपन्यांचे संदेश या बाबतीत सुधारले आहेत, हे नोंदवायला हवे. आदल्या दिवशी येणाऱ्या संदेशात टर्मिनलचा उल्लेख आता बहुधा असतो. तो मराठीतही मिळाला तर अनेक घरांतल्या आजी-आजोबांना नातवंडांवर अवलंबून राहावे लागणार नाही.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाचे नवे टर्मिनल जुलै २०२४ पासून वापरात आले आणि आतली गर्दी बरीच सुसह्य झाली. पुणेकरांचा वेळ आता टर्मिनलमध्ये कमी आणि नगर रस्त्यावर व विमाननगरच्या चौकांत जास्त जातो. संध्याकाळच्या विमानासाठी कोथरूड किंवा सिंहगड रस्त्याकडून निघणाऱ्याने नकाशावरचा वेळ हा किमान वेळ समजावा. प्रवेशद्वारावरची रांग टाळण्यासाठी डिजियात्रा ही चेहरा ओळखून आत सोडणारी व्यवस्था पुण्यात आणि मुंबईत २०२३ पासून उपलब्ध आहे. ती ऐच्छिक आहे आणि तिच्यासाठी आधी वेब चेक-इन करून बोर्डिंग पास त्यात घालावा लागतो. ज्यांना आपल्या चेहऱ्याची नोंद देण्याची इच्छा नाही, त्यांना ओळखपत्र दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येते. कोल्हापूर, नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर अशा विमानतळांवर अंतरे कमी आणि कर्मचारी आपुलकीचे, पण काउंटरची मर्यादा तिथेही लागू असते. विमानतळ लहान आहे म्हणून नियम सैल असेल, असे गृहीत धरू नये.

सामानात काय भरले आहे, यावरही चेक-इनला किती वेळ लागतो हे अवलंबून असते, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. पॉवर बँक पोटातल्या सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. बॅग पट्ट्यावरून पुढे गेल्यावर तपासणीत ती आढळली, तर बॅग बाजूला काढली जाते आणि प्रवाशाला शोधून, समोर उघडून ती काढावी लागते. कोकणातून आणि गोव्यातून निघणाऱ्यांनी सुक्या खोबऱ्याचा विशेष विचार करावा. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडते आणि विमान कंपन्या ते नेऊ देत नाहीत. मुलीच्या घरी पाठवायला म्हणून बांधलेल्या वाट्या काउंटरपाशी काढून ठेवणाऱ्या माणसांकडे पाहून वाईट वाटते; ही सूचना तिकिटासोबत येणाऱ्या संदेशात साध्या शब्दांत असायला हवी होती. १५ किलोंची मर्यादा ओलांडलेल्या बॅगेतून काउंटरसमोर वस्तू उपसण्यात जाणारी दहा मिनिटे तर जवळजवळ प्रत्येक उड्डाणाला पाहायला मिळतात. घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात बॅग तोलून घ्यावी.

व्हीलचेअर हवी असेल तर ती ४८ तास आधी कंपनीला कळवावी आणि काउंटर बंद होण्याच्या बऱ्याच आधी पोहोचावे, कारण मागणी मोठी असते आणि मदतनीस एका प्रवाशाला गेटवर सोडून मग पुढच्याकडे येतो. दोन वर्षांखालील बाळासोबत जाणाऱ्यांना काउंटरवर बाळाच्या वयाचा पुरावा दाखवावा लागतो. दोन स्वतंत्र तिकिटे काढून जोडप्रवास करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पहिले विमान उशिरा आले म्हणून दुसऱ्या तिकिटाची चेक-इन मर्यादा पुढे सरकत नाही. एकाच तिकिटावरचा जोडप्रवास थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, विशेषतः सोबत सामान असेल तर.

६० मिनिटांचा आकडाही कायमचा नाही. मे २०२५ मध्ये सीमेवरील तणावाच्या काळात नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाच्या आदेशानुसार देशभरातल्या विमानतळांवर तपासणी वाढवण्यात आली, प्रवाशांना तीन तास आधी पोहोचण्यास सांगण्यात आले आणि चेक-इन ७५ मिनिटे आधी बंद होऊ लागले. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपासही तपासणी कडक असते. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा पाहणे हे तिकीट काढण्याइतकेच आवश्यक काम समजावे.

विमानाला उशीर आहे असा संदेश आल्यावर घरातून उशिरा निघावे का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कंपनीने चेक-इनची नवी वेळ स्पष्टपणे कळवली असेल तरच तसे करावे, अन्यथा मूळ वेळेप्रमाणेच पोहोचावे. याला एक ठोस कारण आहे. डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर कंपनीने प्रवाशांना खाणेपिणे द्यायचे असते, आणि उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक निवडण्याचा हक्क प्रवाशाला असतो. मात्र विमानतळावरच्या खाण्यापिण्याचा हक्क वेळेत चेक-इन केलेल्यालाच मिळतो.

हीच अट विमानात जागा नाकारली जाण्याच्या प्रसंगी सर्वात मोलाची ठरते. कंपनीने आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकली आणि वेळेत हजर झालेल्या प्रवाशाला जागा नाकारली, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत दुसरे विमान न दिल्यास भरपाई द्यावी लागते. दुसरे विमान २४ तासांच्या आत दिले तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा दिले तर चौपट, कमाल २०,००० रुपये. या नियमाच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींसाठी जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड झाला होता. अशा वादात सगळे काही एका प्रश्नावर येते: प्रवासी काउंटरवर नेमका किती वाजता हजर होता? म्हणून अडचण दिसू लागताच काउंटरचा, त्यावरच्या पडद्याचा आणि घड्याळाचा एक फोटो काढून ठेवावा. कर्मचाऱ्याशी आवाज चढवून काहीही साधत नाही. तो नियम त्याने केलेला नसतो. त्याच्याकडून नकाराचे कारण लेखी किंवा संदेशाने मागावे.

आणि विमान चुकलेच, तर तिकीट पूर्णपणे बुडाले असे समजून घरी परतू नये. मूळ भाडे परत मिळणारे नसले, सवलतीचे तिकीट असले, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत करणे डीजीसीएच्या नियमांनुसार कंपनीला बंधनकारक आहे. ही रक्कम मागावी लागते, आणि हजारो प्रवासी ती मागत नाहीत अशी मला दाट शंका आहे, कारण ‘परतावा नाही’ असे शब्द वाचून बहुतेक जण तिथेच थांबतात. कंपनीच्या संकेतस्थळावर परताव्याच्या अर्जात तिकिटाचा पीएनआर क्रमांक घालून ती मागता येते. तिकीट एजंटकडून किंवा प्रवास-संकेतस्थळावरून घेतले असेल तर मागणी त्यांच्यामार्फत करावी. कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या पोर्टलवर किंवा अॅपवर तक्रार नोंदवावी. तक्रारीत उड्डाण क्रमांक, तारीख, आपण काउंटरवर पोहोचल्याची वेळ, मिळालेले उत्तर आणि आपली नेमकी मागणी एवढेच लिहावे आणि काढलेला फोटो सोबत जोडावा.